आधी विचारा, चालू काय आहे?

नवी नोकरी लागलेल्या इंजिनिअरचे पहिले काही दिवस कोड लिहिण्यात जात नाहीत, मशीन तयार करण्यात जातात. जावा, पायथन, नोड, डॉटनेट यांपैकी जे लागेल ते रनटाइम डाउनलोड करायचं, त्याचा पाथ द्यायचा आणि तरीही प्रोग्रॅम का उठत नाही ते शोधत बसायचं. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत हे काम फ्रेशरकडे ढकलायची रीत आहे. मला ती पटत नाही. प्रॉडक्शन रात्री दोनला बसतं तेव्हा जे प्रश्न पडतात, ते सगळे इन्स्टॉलेशनच्या दिवशीच विचारायला हवे असतात.

जावाचंच पाहा. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ही भाषा आणली, ती एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर चालेल या वचनावर. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली आणि २०१७ च्या जावा ९ पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली. एवढ्या वेगाने कुणी बदलत नाही. बहुतेक ठिकाणी ८, ११, १७, २१ अशा दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्याच वापरात असतात, आणि एकाच सर्व्हरवर त्यांतल्या दोन-तीन एकत्र नांदतात. मग एक दिवस एरर येतो: क्लास फाइलची आवृत्ती ६१, हे रनटाइम ५२ पर्यंतच ओळखतं. नवखा माणूस इथे घाबरतो आणि पुन्हा सगळं इन्स्टॉल करायला घेतो. खरं तर त्या ओळीतच उत्तर दिलेलं आहे. दोन्ही आकड्यांतून ४४ वजा करा. प्रोग्रॅम जावा १७ साठी बांधलाय, चालवणारं जावा ८ आहे.

पण टर्मिनलवर तर १७ दिसतंय! इथेच खरी मेख आहे. टर्मिनल उघडलं की आपल्या लॉगिनची प्रोफाइल फाइल वाचली जाते, तिथला पाथ लागू होतो. लिनक्सवर सिस्टिमडीने उठवलेली टॉमकॅटसारखी सर्व्हिस ती फाइल वाचतच नाही. तिचं जावा होम तिच्या स्वतःच्या युनिट फाइलमधून येतं. म्हणून आपल्या टर्मिनलवर आवृत्ती पाहून काहीच सिद्ध होत नाही. चालू प्रोसेस कुठल्या फोल्डरमधलं जावा वापरते आहे, ते पाहायचं.

पायथनची गोष्ट जवळची, तरी वेगळी. लिनक्सची कित्येक साधनं स्वतःच पायथनवर चालतात, त्यामुळे सिस्टिमच्या पायथनमध्ये हात घातला की मशीनच आजारी पडतं. म्हणूनच डेबियन १२ मध्ये पिप सरळ नकार देतं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा म्हणून सांगतं. हा नकार गुंडाळून पुढे जाण्याचा एक फ्लॅग आहे. ‘सिस्टिमची पॅकेजेस मोडा’ अशा अर्थाचं त्याचं नाव वाचूनही लोक तो लावतात. लावू नका.

२०१३ मध्ये डॉकर आलं आणि रनटाइम प्रोग्रॅमसोबतच एका कंटेनरमध्ये बांधून पाठवता येऊ लागलं. आवृत्त्यांचे बरेच तंटे मिटले, नवे उभे राहिले. जावा ८ च्या जुन्या अपडेट्सना कंटेनरची मेमरी मर्यादा कळतच नसे. सबंध मशीनची मेमरी आपलीच समजून जावा हीप वाढवत जाई आणि कर्नल त्याला मारून टाकी. अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये एक ओळही नाही, फक्त एक्झिट कोड १३७. म्हणजे १२८ अधिक ९. नववा सिग्नल ठार मारण्याचा. कंटेनरची मर्यादा ओळखण्याची समज जावा १० मध्ये आली, मग ८ च्या १९१ व्या अपडेटमध्येही घातली गेली.

असा मृत्यू बाहेरून पाहणारा कुणीतरी हवा, आणि ते काम मॉनिटरिंगचं. न्यू रेलिक, अ‍ॅपडायनॅमिक्स, डायनाट्रेस ही विकत घ्यायची साधनं. प्रोमिथियस आणि ग्राफाना ही मुक्त जोडी. २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झालं. माझा कौल त्याला आहे, कारण माहिती गोळा करण्याची पद्धत एकच राहते आणि उद्या विक्रेता बदलला तरी कोडला हात लावावा लागत नाही.

या साधनांचे माहिती गोळा करणारे एजंट बसतात मात्र रनटाइमच्याच पोटात, म्हणून त्यांचे बिघाडही त्याच जातीचे. बिघाडाची पहिली जागा कमांडची: जावा एजंटचा पर्याय जार फाइलच्या आधी लिहावा लागतो. नंतर लिहिला तर तो प्रोग्रॅमचा आर्ग्युमेंट ठरतो. अ‍ॅप्लिकेशन मजेत चालतं, एजंट लोड होत नाही, एररही येत नाही. दुसरी जागा पोर्टची. ओपनटेलिमेट्रीचा जावा एजंट आधी ४३१७ वर जीआरपीसीने बोलायचा, २.० पासून एचटीटीपीने ४३१८ वर बोलतो. कलेक्टर जुन्याच पोर्टवर बसलेला असेल तर डॅशबोर्ड कोरा. तिसरी जागा घड्याळाची: दोन सर्व्हरांची वेळ जुळत नसली की उत्तर प्रश्नाच्या आधी आल्यासारखं ट्रेसमध्ये दिसतं, आणि माणसं कोडमध्ये नसलेला दोष शोधत बसतात.

सगळ्यात घातक म्हणजे शांत डॅशबोर्ड. एकही एरर दिसत नाही याचा अर्थ सगळं ठीक असेल, किंवा एजंट मेलेला असेल. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून माहिती येणं थांबलं याचाही अलर्ट लावलाच पाहिजे. सरासरी वेळेवर तर विसंबूच नका. शंभरातल्या नव्व्याण्णव विनंत्या झटकन झाल्या आणि एक तीस सेकंद लटकली, तरी सरासरी सभ्यच दिसते. त्या एका माणसाचं पेमेंट मात्र अडकलेलं असतं.

कामावर परताल तेव्हा एवढं करा. रनटाइमची नेमकी आवृत्ती प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, चालू सर्व्हिस तीच वापरते आहे का ते तपासा, आणि टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम एक एरर काढून बघा, तो डॅशबोर्डवर उमटतो का. उमटला नाही, तर इन्स्टॉलेशन अजून झालेलं नाही.