विश्लेषण : लष्कर नवे पिस्तूल कसे निवडते? अमेरिकेतील निवडीवर अजूनही वाद का?

दुकानात जाऊन मोबाइल निवडावा तसे लष्कराला पिस्तूल निवडता येत नाही. अमेरिकी लष्कराने २०१५ मध्ये नव्या पिस्तुलासाठी निविदा काढली, २०१७ मध्ये सिग सॉर कंपनीच्या पी३२० या पिस्तुलावर शिक्कामोर्तब केले आणि त्यानंतर सुरू झालेला वाद आजही शमलेला नाही. ही निवड नेमकी कशी होते, त्यात पैशाचे वजन किती आणि चूक राहिली तर काय होते, याचा हा आढावा.

जुने पिस्तूल बदलण्याची वेळ कधी येते?

बहुतेक वेळा रणांगणातील अनुभवातून. फिलिपाइन्समधील लढायांत .३८ कॅलिबरची रिव्हॉल्व्हर अपुरी पडते, अशी तक्रार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली. त्यातून .४५ कॅलिबरचे कोल्ट एम१९११ आले. मार्च १९११ मधील अंतिम चाचणीत त्यातून ६ हजार गोळ्या झाडल्या गेल्या आणि एकदाही ते अडकले नाही. हे पिस्तूल सात दशकांहून अधिक काळ टिकले. १९८५ मध्ये त्याची जागा इटालियन बेरेटा ९२ने, म्हणजे एम९ने घेतली. पुढे इराक आणि अफगाणिस्तानात एम९ बद्दलही कुरबुरी वाढल्या. लहान हातांना जाडजूड वाटणारी मूठ, दिवा किंवा अन्य उपकरण बसवण्याची सोय नसणे, ही त्यातील प्रमुख कारणे.

निविदेत काय मागितले होते?

‘मॉड्युलर हँडगन सिस्टीम’ या नावाने ऑगस्ट २०१५ मध्ये निघालेल्या निविदेचे दस्तावेज साडेतीनशेहून अधिक पानांचे होते. लष्कराला सुमारे २ लाख ८० हजार पिस्तुले हवी होती. वेगवेगळ्या हातांसाठी बदलता येणारी मूठ, डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी वापरता येणारी कळ, बाहेरून दिसणारी सेफ्टी या मुख्य अटी होत्या.

‘मॉड्युलर’ म्हणजे काय, हे पी३२० वरून समजते. त्यात ट्रिगर आणि गोळी उडवणारी यंत्रणा एका छोट्या धातूच्या संचात असते. अनुक्रमांकही त्यावरच असतो. कायद्याच्या दृष्टीने तेवढाच भाग म्हणजे ‘शस्त्र’. प्लास्टिकची मूठ मात्र मोबाइलच्या कव्हरसारखी बदलता येते.

तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मार्क मिली यांनीच या लांबलचक प्रक्रियेवर जाहीर टीका केली होती. केवळ चाचण्यांसाठी दोन वर्षे आणि १.७ कोटी डॉलर कशाला, तेवढ्या पैशांत दुकानातून घाऊक भावाने पिस्तुले आणता येतील, असा त्यांचा सूर होता.

चाचण्यांत काय पाहतात?

किती गोळ्यांमागे पिस्तूल एकदा अडकते, हा सर्वात महत्त्वाचा आकडा. त्याशिवाय अचूकता, चिखल-धूळ-उष्णता-थंडीतील कामगिरी, सुट्या भागांचे आयुष्य आणि ‘ड्रॉप टेस्ट’, म्हणजे हातातून पडल्यावर गोळी सुटते का, याची तपासणी होते. प्रत्यक्ष सैनिकांच्या हाती देऊन त्यांचे मतही घेतले जाते.

मग किमतीने बाजी कशी मारली?

जानेवारी २०१७ मध्ये सिग सॉरला १० वर्षांसाठी कमाल ५८ कोटी डॉलरचे कंत्राट मिळाले. स्पर्धक ग्लॉकने त्याला आव्हान दिले. सर्व चाचण्या पूर्ण न करताच निर्णय घेतला, असा त्यांचा आक्षेप होता. सरकारी खरेदीतील तक्रारी तपासणाऱ्या ‘जीएओ’ या संस्थेने जून २०१७ मध्ये तो फेटाळला. त्या निकालातून आकडे बाहेर आले. सिगची बोली सुमारे १६.९५ कोटी डॉलर, तर ग्लॉकची २७.२२ कोटी. म्हणजे फरक १० कोटींहून अधिक.

गंमत म्हणजे १९८५ मध्ये नेमके उलटे झाले होते. तेव्हा सिगचे पी२२६ आणि बेरेटा ही दोन्ही पिस्तुले तांत्रिकदृष्ट्या उत्तीर्ण झाली. नुसत्या पिस्तुलाची किंमत सिगची कमी होती, पण मॅगझिन आणि सुटे भाग धरून एकूण हिशेबात बेरेटा स्वस्त ठरले. लष्कर पिस्तूल नव्हे, तर पुढच्या अनेक वर्षांचा खर्च विकत घेते, ते असे.

चाचणीतून दोष सुटतात का?

काही सापडतात, काही उशिरा कळतात. एम९ दाखल झाल्यानंतर काही वर्षांतच त्याची स्लाइड तुटून नौदलाचे कमांडो जखमी झाले आणि रचनेत बदल करावा लागला.

नव्या पिस्तुलाचा दोष चाचणीतच दिसला. विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटत होती. कारण साधे भौतिकशास्त्र आहे. पिस्तूल जमिनीवर आपटून थांबते, पण जड ट्रिगर जडत्वामुळे मागे सरकत राहतो, जणू कोणी तो दाबला आहे. लष्करी पिस्तुलांत हलके भाग बसवून हे दुरुस्त केल्याची नोंद पेंटागॉनच्या चाचणी विभागाच्या अहवालात आहे. नागरी बाजारातील पिस्तुलांसाठी मात्र कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये, दोषाची जाहीर चर्चा झाल्यावर, सुधारणा योजना आणली.

वाद पुन्हा का उफाळला?

ट्रिगर न दाबता पिस्तूल सुटल्याचे दावे करणारे अनेक खटले अमेरिकेत दाखल झाले. कंपनी हे दावे नाकारते. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधील हवाई तळावर एम१८ या छोट्या आवृत्तीतून सुटलेल्या गोळीने एका जवानाचा मृत्यू झाला. हवाई दलाच्या संबंधित कमांडने वापर थांबवून पिस्तुलांची तपासणी केली. पुढच्याच महिन्यात या मृत्यूप्रकरणी एका हवाई दल कर्मचाऱ्याला संशयावरून अटक झाली आणि पिस्तुलांचा वापर पुन्हा सुरू झाला. पण मधल्या काळात कमरेला तेच पिस्तूल लावून ड्युटी करणाऱ्यांच्या मनात काय चालले असेल, हे कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात बसत नाही.

भारतात काय स्थिती?

भारतीय लष्कराचे ९ मिमी ‘१ए’ पिस्तूल इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनते. त्याची मूळ रचना १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची. नव्या पिढीतील ‘अस्मी’ ही मशीन पिस्तूल महूचे इन्फंट्री स्कूल आणि पुण्यातील ‘एआरडीई’ यांनी मिळून चार महिन्यांत विकसित केली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती जाहीर झाली. लष्कराच्या नॉर्दर्न कमांडसाठी ५५० नगांची मागणी आली ती २०२४ मध्ये. रचनेला चार महिने, सैनिकाच्या हाती पडायला तीन वर्षांहून अधिक. हा काळ कंटाळवाणा वाटतो, पण पडल्यावर गोळी सुटते की नाही, हे त्याच काळात कळायला हवे.