उजेडाची हद्द

उजेडाविरुद्ध तक्रार करणे आपल्याला अवघड जाते. आपण तिन्हीसांजेला दिवा लावून हात जोडणारी माणसे. शेजारून धूर आला तर बोलता येते, कर्णा वाजला तर बोलता येते. पण शेजाऱ्याच्या गच्चीवरचा प्रखर दिवा रात्रभर आपल्या खिडकीतून आत येत असेल, तर त्याविषयी बोलणारा मनुष्य विक्षिप्त ठरतो. आजारी माणूस, तान्हे मूल, पहाटे कामावर जाणारा मजूर यांची झोप मात्र त्या उजेडाने खरोखरच मोडते. तेव्हा हा प्रश्न कायद्याने कसा हाताळला आहे, ते पाहणे उपयोगाचे होईल.

या बाबतीतील अगदी आरंभीचा नियम अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ नगरीने 1958 साली केला. जाहिरातीसाठी आकाशात फिरविल्या जाणाऱ्या प्रखर झोतदिव्यांवर तिने बंदी घातली. 1930 साली जेथे प्लूटोचा शोध लागला ती लॉवेल वेधशाळा याच गावी आहे, आणि असल्या झोतांनी तिच्या कामात व्यत्यय येत होता.

सामान्य शेजाऱ्याचा विचार इंग्लंडने केला. तेथे 2005 च्या कायद्याने आवारातून बाहेर पडणारा कृत्रिम उजेड धूर व आवाज यांच्या पंक्तीला नेऊन बसविला. तो आरोग्यास अपायकारक किंवा उपद्रवकारक असेल, तर तक्रार आल्यावर स्थानिक कौन्सिलने चौकशी करावी, आणि उपद्रवाची खात्री पटल्यास तो बंद करण्याची नोटीस द्यावी. विमानतळ, बंदरे, रेल्वे, तुरुंग अशी काही ठिकाणे यातून वगळली आहेत. रस्त्यावरचे दिवेही सामान्यतः यात येत नाहीत, कारण रस्ता म्हणजे कोणाचे आवार नव्हे.

उपद्रव कशाला म्हणावे, याचा आकडा कायद्यात नाही. उजेड किती, किती वेळ, कोणत्या घटकेला, हे पाहून निर्णय होतो. मात्र तेथील प्रकाशतज्ज्ञांच्या संस्थेने मार्गदर्शक मर्यादा सुचविल्या आहेत. उपनगरी वस्तीत खिडकीवर पडणारा परका उजेड 10 लक्सपर्यंत, आणि रात्री उशिरा 2 लक्सपर्यंतच असावा. पौर्णिमेचे चांदणे सुमारे पाव लक्स किंवा त्याहूनही कमी भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मर्यादा कंजूषपणाची नाही, हे पटेल.

यातील मर्म असे की, दिवा विझवा असे सहसा कोणी म्हणत नाही. दिव्याला वरून टोपण घालावे, त्याचे तोंड खाली वळवावे, गरजेपुरताच प्रकाशाचा दिवा लावावा, आणि नको त्या वेळी तो बंद ठेवावा, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. चोराचे भय असणाऱ्याचेही यात काही जात नाही. डोळे दिपविणाऱ्या झोतामागे माणूस दिसत नाही, खाली वळविलेल्या उजेडात दिसतो.

आपल्या महाराष्ट्रात याचे उदाहरण आहे. 2024 साली पेंच व्याघ्रप्रकल्पाला अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे आकाश राखावयाचे होते, पण त्यासाठी गावे अंधारात लोटली नाहीत. सिल्लारी, वाघोडा अशा गावांतले दिवे जमिनीकडे वळविले.

जे जंगलातील गावांना जमले, ते शहरातील गृहनिर्माण संस्थांना का जमू नये? कायद्याची वाट न पाहता त्यांनी आपल्या आवारातील दिवे एकदा रात्री शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.