एका विरोधी मताचा अर्थ

लोकप्रतिनिधीची संरक्षणविषयक भूमिका केवळ एका मतदानावरून ठरविणे युक्त नव्हे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तिसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळाच्या वापराचा अधिकार ४२० विरुद्ध १ मतांनी दिला. ते एकमेव विरोधी मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे होते. ठरावास काळाची वा प्रदेशाची मर्यादा नाही, हा त्यांचा आक्षेप होय. २०१७ मध्ये तो ठराव रद्द करणारी त्यांची दुरुस्ती विनियोग समितीने स्वीकारली; परंतु सभागृहातील चर्चेपूर्वीच ती वगळण्यात आली. २०२१ मध्ये मात्र इराकविषयक २००२ चा अधिकार रद्द करणारे त्यांचे विधेयक प्रतिनिधिगृहाने २६८ विरुद्ध १६१ मतांनी संमत केले. सारांश, मताची नोंद भाषणे, दुरुस्त्या व विधेयके यांच्यासह वाचली, तरच तिच्यामागील तत्त्व उमगते.