पॅरिसच्या जर्सीवर बास्केटबॉलची झेप
फुटबॉल क्लब आणि क्रीडासाहित्य कंपनी यांनी दोघांच्या चिन्हांसह माल काढणे, म्हणजेच सहनिर्मिती, या प्रकाराचे सर्वांत धाडसी उदाहरण म्हणजे पॅरिस सेंट-जर्मेन आणि नायकेचा जॉर्डन ब्रँड यांची 2018 मधील भागीदारी होय, कारण मायकेल जॉर्डनची चेंडूसह हवेत झेपावणारी आकृती प्रथमच एखाद्या फुटबॉल क्लबच्या जर्सीवर आली. सोबत आलेला काळा ‘एअर जॉर्डन 5’ मुळात टिंकर हॅटफिल्ड यांनी रेखाटलेला 1990 चा बास्केटबॉलचा बूट असून, त्याची जीभ, म्हणजे नाड्यांखालची पट्टी, उजेड पडताच चकाकते आणि तळव्याच्या कडेचे दातेरी नक्षीकाम दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांवरून सुचलेले आहे. स्टड नसल्याने तो मैदानाचा नव्हे, रस्त्याचाच बूट आहे. 2021-22 च्या हंगामात जॉर्डनची ती आकृती क्लबच्या घरच्या मुख्य जर्सीवरही आली.