सागरमाळावरचं बोर्डिंग

जुलै महिन्यात एखाद्या सकाळी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर थोडा वेळ उभं राहावं. चंदगड, आजरा, गगनबावड्याकडून आलेल्या भिजलेल्या एसट्या फलाटाला लागतात. जत, आटपाडी, माणकडच्या गाड्यांच्या टपावर मात्र अजून धूळच असते. दोन्हीकडच्या गाड्यांतून उतरणारी पोरं सारखीच दिसतात. पाठीला सॅक, हातात वळकटी आणि छातीशी धरलेली, प्लास्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेली फाइल. बरोबर वडील किंवा मामा असतात. चौकशीच्या खिडकीपाशी ते विचारतात, "विद्यापीठाला कुठली गाडी जाते?"

त्या फाइलीत मुलाचं सगळं आयुष्य असतं: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तहसीलदाराच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला. प्रवेश मिळाल्याचा आनंद वाटेतच अर्धा ओसरलेला असतो, कारण घरातून निघताना आईनं विचारलेल्या प्रश्नाला अजून उत्तर सापडलेलं नसतं. राहणार कुठं आणि जेवणार काय?

कोल्हापूरनं हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच मनावर घेतला. शिवाजी विद्यापीठाचं आवार पाहायला जाताना म्हणूनच आधी शहरातून चालत जावं. सर्वांसाठी काढलेल्या वसतिगृहात बहुजनांची मुलं टिकत नाहीत, हे राजर्षी शाहू महाराजांच्या लक्षात आलं. शाळा काढून भागणार नाही, पोराला डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी मिळाली तरच तो शाळेत राहील, हे त्यांनी ओळखलं. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग उभं राहिलं. पुढं १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांनी जागा दिल्या, अनुदानं दिली, आणि प्रत्येक समाजाच्या पुढाऱ्यांना बरोबर घेऊन ही घरं चालवली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. दसरा चौकाच्या परिसरात या इमारतींवरून आजही नजर फिरवता येते.

याच शहरात जैन बोर्डिंगमध्ये राहून कुंभोजचा एक मुलगा शिकला. तो म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग सुरू केलं. त्याला नाव दिलं शाहू महाराजांचं. मुलांच्या जेवणासाठी पैसा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही काढून दिलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ही गोष्ट ठाऊक आहे. फुकट घ्यायचं नाही, कमवायचं आणि शिकायचं, हा कर्मवीरांचा धडा याच मातीतला.

हे सगळं डोक्यात घेऊन सागरमाळावर, विद्यापीठाच्या आवारात यावं. राजाराम तलावाच्या शेजारी, शहराच्या पूर्वेला, ८५३ एकरांचं हे आवार पसरलं आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं. सीमेवर चीनशी युद्ध पेटलेलं होतं, आणि त्याही दिवसांत या भागातल्या माणसांनी आपल्या मुलांसाठी विद्यापीठ उघडलं. सुरुवातीला ३४ महाविद्यालयं आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी होते. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत मिळून अडीचशेहून अधिक महाविद्यालयं या छत्राखाली आहेत.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. ताराबाईकालीन कागदपत्रांचं त्यांनी केलेलं संपादन आजही अभ्यासकांच्या हाताशी असतं. त्यांच्या वाट्याला आला तो उघडा माळ. तिथं त्यांनी इमारतींबरोबर झाडंही उभी केली. त्या झाडांची सावली आज रस्त्याच्या दोन्ही कडांना भेटते. उतारावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी आवारातच तळ्यांत अडवलं जातं. पहाटे फिरायला येणाऱ्या माणसांना इथं मोरांचा केकारव ऐकू येतो. मुख्य इमारतीसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडवलेला हा ब्राँझचा पुतळा १९७४ पासून इथं उभा आहे. पदवी घेतलेली मुलं आईवडिलांना घेऊन आधी त्याच्यासमोरच फोटो काढतात.

याच आप्पासाहेबांनी कर्मवीरांची वाट विद्यापीठात आणली. कमवा आणि शिका योजनेतली मुलं विद्यार्थी भवनात राहतात, दिवसातले काही तास ग्रंथालयात, विभागांत, कार्यालयांत काम करतात आणि उरलेल्या वेळात शिकतात. सकाळी ग्रंथालयातली पुस्तकं जागेवर लावणारा मुलगा दुपारी त्याच कपाटासमोर वाचक म्हणून उभा असतो. पुस्तकावरची धूळ पुसता पुसता त्याला मलपृष्ठं वाचायची सवय लागते. नेमलेलं नसलेलं पुस्तकही तो खोलीवर नेतो. या योजनेतून वर आलेल्या माणसांना विचारावं. मिळालेल्या पैशांपेक्षा ते त्या कामाबद्दलच जास्त बोलतात. आपल्या ताटातली भाकरी आपण कमावली, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचं नाव असलेलं हे ग्रंथालय म्हणजे आवाराचा गाभारा. अभ्यासिकेत परीक्षेच्या दिवसांत जागा धरायला मुलं उजाडता येतात. टेबलावर एका बाजूला स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा ढीग, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली आणि कडीचा डबा. काहींचा डबा अजूनही गावाकडून एसटीनं येतो. पहाटे आईनं बांधलेला डबा गाडीत ठेवला जातो आणि स्टँडवरून पोरगा तो घेऊन येतो. झाकण उघडलं की ज्वारीची भाकरी, वर झुणका, कडेला ठेचा, आणि भाकरीच्या घडीत कधी दहा-वीसची नोट. अभ्यासिकेबाहेरच्या कट्ट्यावर चार डबे एकत्र उघडतात तेव्हा कुठल्या डब्यातलं कोण खातंय हे कुणी पाहत नाही. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगातली पंगत मला दर वेळी इथं आठवते.

विद्यार्थ्याला आधार म्हटलं की आपण वसतिगृह आणि शिष्यवृत्ती एवढंच मोजतो. आवारातले वर्षभराचे कार्यक्रम आपण करमणुकीच्या खात्यात टाकतो. माझं मत वेगळं आहे. पोटाची सोय झाल्यावर पोराला दुसरी भूक असते. चारचौघांत उभं राहून बोलता यावं, आपल्यात काही आहे हे कुणाला तरी दिसावं, ही ती भूक. ती इथल्या कार्यक्रमांत भागते, म्हणून या कार्यक्रमांचं वेळापत्रकही आधाराच्याच खात्यात लिहायला हवं.

पाऊस ओसरू लागला की युवा महोत्सवाच्या तालमी सुरू होतात. आधी जिल्हा पातळीवर, मग मध्यवर्ती महोत्सव. लोकनृत्य, मूकनाट्य, पथनाट्य, वादविवाद, सुगम गायन, मातीकाम, रांगोळी. खेड्यातल्या महाविद्यालयातली मुलगी, जी वर्गात हजेरीपुरतं बोलते, ती नऊवारी नेसून, हलगीच्या ठेक्यावर हजार डोळ्यांसमोर उतरते. त्या पाच-सात मिनिटांनंतर ती पुन्हा पहिल्यासारखी मान खाली घालून चालत नाही.

१८ नोव्हेंबरला विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो. २२ सप्टेंबर हा कर्मवीरांच्या जयंतीचा दिवस, तर २४ सप्टेंबर राष्ट्रीय सेवा योजनेचा. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास समाजासाठी देतो आणि सात दिवसांच्या शिबिरात एखाद्या गावात राहतो. नवीन मुलांनी यात नाव जरूर घालावं. ओळखी होतात, संकोच जातो आणि आपल्यासारखेच किती जण आहेत हे कळतं.

वर्षाचा सगळ्यांत देखणा सोहळा मात्र दीक्षांत समारंभाच्या वेळी होतो. पदव्या देण्याआधी इथं ग्रंथदिंडी निघते. पंढरीच्या वाटेवर पालखीत पादुका असतात, तशी इथं पालखीत पुस्तकं असतात. लेझीम, झांजा आणि टाळमृदंगाच्या गजरात मुलं, प्राध्यापक आणि कर्मचारी शहरातून विद्यापीठाकडे चालत येतात. आवारात ग्रंथमहोत्सव भरतो. पुस्तकांच्या दालनांत पदवीधर मुलाबरोबर आलेली आई हळूच एखादं पुस्तक हातात घेते, चाळते, किंमत पाहते आणि परत ठेवते. त्या वेळी पोरानं खिशात हात घालून ते पुस्तक तिला घेऊन द्यावं. पदवीचं चीज करायची याहून चांगली रीत नाही. फेब्रुवारीत १९ तारखेला शिवजयंती, २७ ला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. तेव्हा आलेल्या पाहुण्यानं आवारातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय चुकवू नये. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या लेखकाच्या आयुष्याच्या खुणा तिथं जपलेल्या आहेत.

आता त्या फाइलीकडे पुन्हा वळू. आज छप्पर आणि भाकरीची सोय बरीचशी सरकारी योजनांतून होते, आणि त्यांची दारं पोराला माहीत असावी लागतात. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर एकाच ठिकाणी बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरता येतात. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातींच्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था संशोधन आणि स्पर्धा परीक्षांसाठी मदत करतात. सारथीचं उपकेंद्र २०२१ पासून कोल्हापुरातच आहे. आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्यानं उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत.

एवढं असूनही दरवर्षी काही मुलं हात हलवत परत जातात. उत्पन्नाचा दाखला जुना निघतो. बँकेचं खातं आधारशी जोडलेलं नसतं, म्हणून मंजूर झालेली रक्कम अडकते. अर्जाची मुदत टळून जाते. म्हणून नवीन मुलामुलींना कळकळीनं सांगणं आहे. गावाकडून निघण्याआधीच चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढा, खातं आधारशी जोडून घ्या, प्रत्येक कागदाच्या चार छायाप्रती ठेवा. आवारात आल्यावर पहिल्याच आठवड्यात आपला विभाग, विद्यार्थी विकास विभाग आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांना भेटा. कमवा आणि शिका योजनेत जागा आहे का, हे स्वतः जाऊन विचारा. विचारायला लाजू नका. तुमच्याआधी इथं येऊन गेलेल्या हजारोंनी हेच विचारलं होतं.

आणखी एक गोष्ट घरचे सहसा बोलत नाहीत, म्हणून इथं लिहितो. पहिल्या सत्रात गाव आठवतं, इंग्रजीतली व्याख्यानं डोक्यावरून जातात, नापास होण्याची भीती वाटते. रात्री झोप लागेनाशी झाली, काही नकोसं वाटू लागलं, तर आपल्या शिक्षकांशी बोला. १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मन थकणं हा कमीपणा नाही. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो, तितकं हे साधं आहे.

संध्याकाळी आवारातून बाहेर पडताना फाटकाजवळच्या थांब्यावर सकाळचेच बापलेक दिसतात. वडिलांना मुक्कामाची गाडी गाठायची असते. वळकटी आता पोराच्या हातात नाही, ती खोलीवर पोचली आहे. फाइल मात्र वडिलांनी परत मागून घेतली आहे आणि तिच्यातला एकेक कागद ते पुन्हा मोजतायत. मुलगा म्हणतो, "आबा, असू दे. इथं सांगितलंय सगळं, मी करतो." वडील फाइल त्याच्या हातात देतात. सव्वाशे वर्षांपूर्वी दसरा चौकात बोर्डिंगच्या दारातून परत फिरणाऱ्या एखाद्या शेतकऱ्यालाही पोराला मागं ठेवताना असाच धीर आला असेल. बस येते. बाप चढतो, खिडकीतून हात बाहेर काढतो, आणि पोरगा दिवे लागलेल्या विद्यार्थी भवनाकडे चालू लागतो.