घरचा पीसी बाहेरून चालू होत नाही? घरापासून तपासायला सुरुवात करा!

तुम्ही ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये क्लायंटसमोर बसलाय. तो म्हणतो, "मागच्या वर्षीचं कोटेशन दाखवा, आत्ता फायनल करू." कोटेशन आहे डोंबिवलीत, घरच्या पीसीत. आणि पीसी बंद! माझ्यावर ही वेळ आली होती. घरी फोन केला तर कोणी उचलला नाही. "संध्याकाळी पाठवतो" म्हणालो, आणि संध्याकाळपर्यंत ऑर्डर दुसऱ्याकडे गेली.

मग पीसी २४ तास चालूच ठेवायचा का? हिशोब करा. नुसता चालू राहून तो ६० वॅट घेत असेल, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जातात. त्यापेक्षा 'वेक ऑन लॅन' बरं. पीसी बंद असला तरी त्याचं नेटवर्क कार्ड थोड्याशा विजेवर जागं राहतं. त्याला 'मॅजिक पॅकेट' नावाचा छोटा संदेश मिळाला की ते पीसी चालू करतं. त्या संदेशात तुमच्या कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस १६ वेळा लिहिलेला असतो. म्हणजे सोसायटीत नाव घेऊन हाक मारल्यासारखं, ज्याचं नाव तोच उठणार.

बहुतेक जण थेट बाहेरून ट्राय करतात आणि "हे चालतच नाही" म्हणून सोडून देतात. तसं करू नका. आधी घरात चालवा, मग बाहेर.

पायरी १: घरातूनच उठवा. पीसी राउटरला केबलने जोडा. वायफायवर हे सहसा चालत नाही. बायोसमध्ये वेक ऑन लॅन चालू करा. विंडोजच्या डिव्हाईस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये पीसी उठवायची परवानगी द्या. आता पीसी स्लीपवर टाका आणि त्याच घरातल्या वायफायवरून फोनमधल्या वेक ऑन लॅनच्या अ‍ॅपने संदेश पाठवा. नाही उठला? मॅक अ‍ॅड्रेस पुन्हा बघा. केबलच्या कार्डाऐवजी वायफाय कार्डाचा टाकलाय का? ही चूक फार होते. फोन गेस्ट वायफायवर असेल तरी संदेश पोचत नाही.

पायरी २: शटडाऊन करून बघा. स्लीपमधून उठतो, पण शटडाऊननंतर नाही? पीसीच्या मागे जिथे केबल लागते तिथला छोटा दिवा बघा. दिवा विझलेला असेल तर कार्डाला वीजच मिळत नाही. भिंतीवरचा स्विच बंद केलाय का? तो चालू असेल तर बायोसमध्ये 'ईआरपी' नावाची वीज वाचवणारी सेटिंग असते, ती बंद करा. दिवा पेटलेला आहे, तरी उठत नाही? मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

पायरी ३: लाईट गेली तर? कल्याण-डोंबिवलीकरांना हे सांगायला नको! वीज जाऊन आली की काही पीसी एकदा हाताने चालू केल्याशिवाय संदेश ऐकत नाहीत. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू हो' अशा अर्थाची सेटिंग असते, ती लावा. राउटरला छोटा यूपीएस लावलात तर फारच छान.

पायरी ४: आता बाहेरून. मॅजिक पॅकेट घरातल्या नेटवर्कसाठी असतं, राउटर ते बाहेरून सहसा आत सोडत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग केलं तर कधी सकाळी चालतं आणि संध्याकाळी नाही, कारण बंद पीसीचा पत्ता राउटर थोड्या वेळाने विसरतो. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देतात. राउटरच्या पानावर इंटरनेटचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमचंही तसंच आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग नाही.

यावर उपाय म्हणजे घरात कायम चालू राहणारं एक छोटं उपकरण ठेवा. रास्पबेरी पाय चालेल, जुना अँड्रॉईड फोनही चालेल. बाहेरून रिमोट अ‍ॅपने आधी त्यात शिरा आणि तिथून संदेश पाठवा. हाक घरातूनच जाते! फोन सतत चार्जिंगला असेल तर त्याची बॅटरी फुगत नाही ना, हे अधूनमधून बघा. आणि रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. आत तुमच्या ग्राहकांचा डेटा आहे.

पीसी उठला म्हणजे काम झालं असं नाही. त्यात शिरण्यासाठी रिमोट अ‍ॅपला कायमचा पासवर्ड आधीच लावून ठेवा, नाहीतर "अ‍ॅक्सेप्ट" दाबायला घरी माणूस लागेल. आणि उठल्यावर लगेच कनेक्ट व्हा. कोणी वापरत नाही असं दिसलं की विंडोज दोन मिनिटांत पुन्हा झोपवू शकतं.

शेवटचं. हे सगळं झाल्यावर एक दिवस पीसी बंद करून कल्याण स्टेशनला जा, मोबाईल डेटावरून पीसी उठवा आणि एक फाईल उघडून बघा. ही रंगीत तालीम क्लायंटसमोर करायची नसते. आणि रोज लागणारी कोटेशन्स तरीही फोनमध्ये ठेवा. मशीन कधीतरी दगा देईल, पण तुमचा शब्द जायला नको.

कोणत्या पायरीवर अडलात ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!