इमारत उभी का राहते, हे शिकवायचे कसे?

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा अहमदाबाद शहर भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर होते. तरीही तेथील अनेक बहुमजली निवासी इमारती काही क्षणांत कोसळल्या. या इमारती पडक्या नव्हत्या, मातीच्याही नव्हत्या. मध्यमवर्गीयांनी आयुष्यभराची बचत ओतून घेतलेले आरसीसीचे फ्लॅट होते ते. त्यांपैकी बऱ्याच इमारतींत एक गोष्ट समान होती : खाली गाड्यांसाठी मोकळा सोडलेला तळमजला आणि त्यावर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. काही ठिकाणी वरचे मजले बऱ्याच अंशी एकसंध राहिले. नाहीसा झाला तो पार्किंगचा मजला.

दुर्घटनेनंतर आपल्याकडे बोट दाखवण्याची एक ठरलेली रीत आहे. बिल्डरने सिमेंट कमी घातले, वाळू खारी होती, पालिकेने डोळेझाक केली. यातील प्रत्येक आरोपात पुष्कळदा तथ्य असतेही. परंतु तळमजला मोकळा ठेवण्याचा निर्णय सिमेंटच्या गोणीने घेतलेला नसतो. तो वास्तुविशारदाच्या ड्रॉइंग बोर्डवर होतो. नकाशा संरचना अभियंत्याच्या हाती जातो तोवर खांब कोठे येणार, भिंती कोठे उभ्या राहणार, जिना कोणत्या कोपऱ्यात जाणार हे बहुतेक ठरून गेलेले असते. अभियंता त्या चौकटीत गणित बसवतो. म्हणूनच वास्तुकलेच्या वर्गात 'स्ट्रक्चर्स' हा विषय कसा शिकवला जातो, हा प्रश्न केवळ त्या महाविद्यालयांपुरता उरत नाही. पार्किंगवर उभ्या असलेल्या सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

आपल्या देशात वास्तुविशारदांचा व्यवसाय १९७२ च्या कायद्याने नियंत्रित होतो आणि शिक्षणाचे किमान निकष वास्तुकला परिषद ठरवते. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, दहा सत्रांचा. त्यात संरचनाशास्त्र हा एक विषय असतो, बांधकाम आणि बांधकाम साहित्य हा दुसरा, आणि या दोहोंपेक्षा कितीतरी अधिक वेळ खाणारा, रात्री जागवणारा 'डिझाइन' हा तिसरा. अडचण येथेच सुरू होते. संरचनाशास्त्र बहुधा स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक शिकवतात, आणि आपण जसे शिकलो तसेच शिकवतात : दोन टेकूंवरची तुळई, तिच्यावर समान पसरलेला भार, काढा बेंडिंग मोमेंट. विद्यार्थी गणित सोडवतो, उत्तीर्णही होतो. मात्र त्याच विद्यार्थ्याच्या डिझाइनच्या शीटवर बारा मीटर रुंदीचा हॉल एकाही खांबाविना तरंगत असतो आणि तुळईची खोली किती, याचा तेथे मागमूसही नसतो. परीक्षकांनी विचारलेच तर उत्तर तयार असते, 'ते इंजिनीअर बघेल.'

आता, वास्तुविशारदाने सळ्यांचा हिशेब करावा अशी कोणाचीच अपेक्षा नाही. ते काम संरचना अभियंत्याचेच आहे. वास्तुविशारदाला कळायला हवे ते वेगळे : वजन कोणत्या वाटेने जमिनीत उतरते, आणि जमीन आडवी हलली तर इमारत कोठे वाकेल. वरून खाली येणारे वजन रोजचेच असते, त्यामुळे त्याची जाण अनुभवानेही येते. आडव्या हादऱ्याची येत नाही. जमीन अचानक सरकते, इमारतीचे वस्तुमान मात्र जागीच राहू पाहते; बस सुरू होताना उभा प्रवासी मागे झुकतो, तसे. वरच्या मजल्यांवर खांबांच्या मध्ये विटांच्या भिंती असतात. त्या मजल्याला ताठ ठेवतात. पार्किंगच्या मजल्यावर केवळ खांब. मग संपूर्ण इमारतीची लवण त्या एका मजल्यात एकवटते आणि चार काठ्यांवर जड पेटी ठेवून ती हलवावी तशी अवस्था होते.

गंमत अशी की कागदावर हे दिसत नसे. प्रचलित पद्धतीत भिंत ही केवळ वजन म्हणून हिशेबात धरली जाई. तिचा ताठपणा धरला जात नसे. त्यामुळे गणिताच्या दृष्टीने पार्किंगचा मजला आणि त्यावरचा मजला सारखेच. भूज भूकंपानंतर, २००२ मध्ये, भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाची (आयएस १८९३) सुधारित आवृत्ती आली. तिने अशा मजल्याची व्याख्याच करून टाकली : वरच्या मजल्याच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी ताठ असलेला मजला 'सॉफ्ट', म्हणजे दुबळा. अशा मजल्याच्या खांबांसाठी व तुळयांसाठी अडीचपट बल धरण्याची एक वाट तिने सांगितली. २०१६ च्या आवृत्तीने व्याख्या आणखी कडक केली. मानक बदलले, पण पार्किंगची गरज वाढतच गेली. हे दोन्ही एकाच नकाशात बसवायचे कसे, हा प्रश्न डिझाइनच्या वर्गातच सोडवावा लागतो. काही चौकटींत काँक्रीटच्या भिंती आधीपासून योजल्या तर गाड्याही मावतात आणि मजलाही ताठ राहतो. मात्र हे नकाशा पक्का झाल्यावर सुचून उपयोग नाही.

ही जाण देण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. तीन सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशी प्लास्टिकची पट्टी घ्यावी. दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये दाबली तर ती सहज वाकते. तीच पट्टी उभ्या कडेवर धरली तर दाबूनही दाद देत नाही. साहित्य तेच, वजन तेच. ताठपणा मात्र शंभरपट वाढला. तुळई रुंद न करता खोल का करतात, हे यानंतर सांगावे लागत नाही. ही पट्टी एका टोकाला टेबलाशी घट्ट धरून दुसऱ्या टोकाने वाकवून पाहावी. मग लांबी निम्मी करून पुन्हा वाकवावी. ताठपणा आठपट होतो. शाळांच्या इमारतीत खांबांच्या मध्ये अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंत भिंत बांधून वर सलग खिडक्यांची पट्टी काढतात. तेथे खांबाचा मोकळा भाग आखूड होतो, आणि जो अधिक ताठ तो हादऱ्याचा अधिक वाटा ओढून घेतो. भूकंपानंतर अशा खांबांवर तिरक्या, फुलीसारख्या भेगा दिसतात. ज्याने पट्टी हाताने वाकवली आहे, तो ही खिडकी काढताना क्षणभर तरी थांबेल.

दुसरा प्रयोग फोमच्या तुकड्याचा. त्याच्या बाजूवर उभ्या रेघा मारून तो दोन टेकूंवर ठेवून दाबला की खालच्या बाजूच्या रेघा फाकतात, वरच्या जवळ येतात. आता एक टोक धरून दुसरे खाली वाकवावे : फाकण्याची जागा उलटली, ती वर आली. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताणाला मात्र त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची. म्हणून जेथे फाकते तेथे सळई. स्लॅबमध्ये ती मुख्यतः खाली असते, आणि बाहेर झुकलेल्या छज्जात किंवा बाल्कनीत वर. साधी गोष्ट. पण साइटवर काय होते? छज्जाच्या सळ्या वर बांधलेल्या असतात, काँक्रीट ओतताना घमेली वाहणारे मजूर त्यांवरूनच ये-जा करतात, सळ्या दबून तळाशी जातात. वरून काँक्रीट गुळगुळीत दिसते. सेंट्रिंग काढले की छज्जा तडकतो, किंवा काही वर्षे तग धरून एखाद्या पावसाळ्यात खाली येतो. नकाशा बरोबर, गणित बरोबर, आणि इमारत चुकीची. संरचनाशास्त्र आणि बांधकाम हे दोन विषय दोन वेगळ्या तासांना, दोन वेगळ्या शिक्षकांनी, एकमेकांची ओळखही नसल्यासारखे शिकवले की ही फट कोणाच्याच लक्षात येत नाही.

महाराष्ट्राला हा धडा अहमदाबादच्या आधीच मिळाला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. किल्लारी परिसरातील घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट आणि त्याहूनही जाड. डोक्यावर मातीचे थर चढलेले जड माळवद. इतकी जाड भिंत पडलीच कशी, असे शहरी माणसाला वाटते. उत्तर जाडीत नव्हते, जोडात होते. भिंत बाहेरून एक दिसत असली तरी ती दोन पातळ भिंतींची असे, मध्ये माती-दगडांचे भरण, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. उलट जेथे माळवदाचे वजन लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर पेलले होते, तेथील काही घरांत भिंत ढासळूनही छप्पर वर टिकल्याचे आढळले. आपल्या आज्या घराचे माप खणांत सांगत. ती संरचनेचीच भाषा होती. भूकंपानंतर मात्र लोकांच्या मनात दगडच बदनाम झाला. वर्गात किल्लारी शिकवायची असेल तर ती या भिंतीच्या छेदासह शिकवावी, मृतांच्या आकड्यांपुरती नव्हे.

बांधकाम या विषयाचे आजचे स्वरूप मुख्यतः शीट काढण्याचे आहे. इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड, जिन्याचे छेद, दाराच्या चौकटीचे सांधे, सारे सुबक रेषांत. ओळंबा हातात न धरता आणि थापीला मसाला न लावता ही शीटे पूर्ण होऊ शकतात, होतातही. लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेला रॅट ट्रॅप बाँड, ज्यात विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवतात आणि सुमारे पाव विटा वाचतात, तो चित्रावरून पाठ करता येतो. पण दोन थर रचून पाहिल्याशिवाय कोपऱ्यावर काय अडते, ते उमगत नाही. ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट मातीच्या विटा आणि कमानी प्रत्यक्ष बांधायला शिकवते. महाविद्यालयाच्या मागच्या अंगणात शंभर विटा आणि एक जाणता गवंडी आणणे मात्र त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

अभियंत्याशी संवाद झाला तर काय घडते, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. मुंबईच्या कंबाला हिलवरील 'कांचनजंगा' (१९८३) पाहावी. चार्ल्स कोरिया यांच्या कोपऱ्यांतील दुमजली उंचीच्या गच्च्या सर्वांना माहीत असतात. त्या शक्य करणारा मध्यभागीचा काँक्रीटचा गाभा आणि शिरीष पटेल यांचे नाव फार थोड्यांना. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ मध्ये राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी 'हॉल ऑफ नेशन्स' उभारले. अशा त्रिमितीय जाळीसाठी एरवी पोलादी नळ्या वापरतात. त्या परवडेनात म्हणून जाळी काँक्रीटची, मजुरांच्या हातांनी जागेवर ओतली गेली. बांधकामाची अडचणच तेथे वास्तूचे रूप ठरली. ही वास्तू २०१७ मध्ये पाडण्यात आली. आता ती वर्गात छायाचित्रांतूनच दाखवावी लागते.

खरी चणचण शिक्षकांची आहे. गुजरातच्या भूकंपानंतर केंद्र सरकारने भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्यात वास्तुकलेच्या शिक्षकांचाही विचार होता. आयआयटी कानपूरच्या भूकंपविषयक माहिती केंद्रासाठी प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी लिहिलेल्या छोट्या, सचित्र टिपा वास्तुकलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळतील इतक्या सोप्या आहेत. संगणकामुळे काम सुकर झाले हे खरे. इमारत पडद्यावर हलवूनही दाखवता येते. परंतु संगणक उत्तर देतो. खांब कोठे हवा होता, हा प्रश्न तो विचारत नाही.

साइट भेटीचेही तेच. पन्नास-साठ विद्यार्थी पूर्ण झालेली इमारत बघून, मोबाइलवर छायाचित्रे काढून परततात. खरे पाहण्याजोगे असते ते स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा खांबाचा सांगाडा उघडा असतो. सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत, गाभ्याकडे वळवली आहेत की काटकोनात सोडून दिली आहेत, तुळईच्या सांध्याजवळ त्या दाट बांधल्या आहेत की वरपासून खालपर्यंत सारख्याच विरळ, हे बोटाने मोजून बघता येते. काटकोनातली रिंग हादऱ्यात उघडते आणि आतल्या सळ्या बाहेर फुगतात. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडले की यातले काहीच दिसत नाही.